अंगणातली सेना, अरण्यातला किल्ला

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपते, उटण्याचा सुवास अजून अंगावर असतो, फराळाची ताटे मांडली जातात. पण घरातले एखादे पोर काही केल्या पाटावर बसत नाही. त्याचे चित्त अंगणात गुंतलेले असते. रात्रीच्या दवाने बुरूज खचला तर नसेल ना, दरवाजाशी उभा केलेला मावळा कलंडला तर नसेल ना, डोंगरउतारावर पेरलेल्या मोहरीला कोंब फुटला का, अशा राज्यकारभारात ते गढलेले असते. पुण्या-साताऱ्याकडे हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. आपल्या झाडीपट्टीत ही प्रथा मुळातली नव्हे. आपल्याकडे पोरांचे हक्काचे खेळणे म्हणजे तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी बैल, आणि तो ओढीत घरोघर फिरून मिळवलेला बोजारा. तरीही नोकरी-बदलीच्या निमित्ताने आणि शाळांच्या हौसेने दिवाळीचा किल्ला चंद्रपूर-गडचिरोलीच्या अंगणांतही येऊन उभा राहू लागला आहे, आणि आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो.

स्वागत करताना मात्र दोन प्रश्न मनात उभे राहतात. हा किल्ला कोणाचा, आणि त्यावरची सेना कोणाची, हा पहिला. ज्या अरण्याने खऱ्या बंदुकांचे आवाज ऐकले, तेथील मुलांच्या हाती लुटुपुटीचे का होईना, युद्ध द्यावे काय, हा दुसरा. दिवाळी हा दिव्यांचा सण. त्यात तोफा आणि भाले कशाला, असे एखाद्या आजीने विचारले तर तिला उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

लहान आकाराची सेना घडवून ती मांडण्याचा छंद मानवजातीइतकाच जुना म्हणावा लागेल. इजिप्तमधील असिऊत येथे मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सापडल्या. एकीत ४० भालाईत, दुसरीत ४० न्यूबियन धनुर्धर. आपल्याकडे तर सैन्याची मोजणीच मुळी पटावर मांडावी अशी नेटकी आहे. महाभारतात सैन्याचा सर्वांत लहान घटक म्हणजे पत्ती: एक रथ, एक हत्ती, तीन घोडेस्वार, पाच पायदळ; सारे मिळून दहा. तीन पत्तींचे एक सेनामुख, तीन सेनामुखांचे एक गुल्म, आणि असेच तिपटीने गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. तीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. याच चतुरंग दलाचा पट म्हणजे आपले बुद्धिबळ. ज्या घरात सोंगट्या मांडल्या जातात, त्या घरात सेना नवी नाही.

युरोपात या खेळाला शास्त्राचे रूप आले. प्रशियातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने वडिलांची कल्पना पुढे नेऊन १८२४ साली नकाशा, लहान ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साह्याने लढाईचा अभ्यास करण्याची पद्धत रूढ केली. सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात तिला स्थान मिळाले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने मुलांच्या खेळण्यातल्या शिपायांनी खेळावयाच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले. वेल्स युद्धाचा भक्त नव्हता. अशी एखादी लढाई खेळून पाहणाऱ्याला खरे महायुद्ध ही केवढी घोडचूक आहे ते उमगेल, असे त्याचे म्हणणे होते. पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. तरीही तो छंद टिकला. आज परदेशांत बोटाच्या दोन पेरांएवढे हजारो शिपाई गोळा करणारे, त्यांना गणवेशाच्या अचूक रंगांत रंगवणारे, आणि जुन्या लढाया मेजावर पुन्हा मांडणारे लोक आहेत. १८०३ सालची असईची लढाई त्यांची आवडती. त्याच वर्षी वऱ्हाडात झालेले अडगाव आणि गाविलगडचे संग्रामही ते मांडतात. आपल्या भूमीवर कोण कोठे उभे होते, हे परक्या देशातला एखादा मनुष्य पुतळ्या मांडून समजून घेतो, आणि आपले पोर बाजारातून आणलेला एक निनावी मावळा एका निनावी ढिगाऱ्यावर ठेवते. या विसंगतीची थोडी खंत आपल्याला वाटावयास हवी.

पण आपल्या किल्ल्यात एक गोष्ट अशी आहे की जी त्या परक्या मेजांवर क्वचितच दिसेल. तेथे सेना एकटी उभी असते. आपल्या किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती असतात, मावळे असतात, तोफा असतात. आणि त्यांच्या शेजारी डोक्यावर घडा घेतलेली गवळण असते, नांगर धरलेला शेतकरी असतो, विहीर असते, देऊळ असते, गाय-वासरू असते. कोणा पंडिताने हा नियम घालून दिलेला नाही. सेना कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पोरांनी आणि कुंभारांनी न बोलता देऊन ठेवले आहे.

महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळून टाकाल तर पुढे कुणब्यांच्या घरातले ओरबाडू लागाल, मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, अशी त्यात कानउघाडणी आहे. रात्री दिवे जळते ठेवून निजाल तर उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक इशाराही त्यात आहे. एवढ्या मोठ्या राजाला उंदराने नेलेल्या वातीची चिंता होती. अंगणात पणत्या लावताना मुलांना ही गोष्ट सांगावी. शौर्य कशाला म्हणावे, हे त्यांना लवकर कळेल.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. रायगड, राजगड, प्रतापगड ही नावे साऱ्या मराठी मनाची आहेत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आपल्यालाही अभिमान वाटला. पण चंद्रपूरच्या मुलाने रायगड करावा आणि ज्या परकोटाच्या सावलीतून तो रोज शाळेत जातो तो मात्र त्याच्या गावीही नसावा, हे बरे नव्हे. सुमारे ११ किलोमीटर लांबीचा हा तट गोंड राजांनी उभारला. खांडक्या बल्लाळशहाने येथे एका सशाला कुत्र्यामागे धावताना पाहिले आणि राणीच्या सल्ल्याने त्याच पाठलागाच्या वाटेवर तट बांधावयास घेतला, ही आख्यायिका आपल्या घराघरांत ऐकू येते. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे; त्यांच्या भिंतींवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला. शिवाय विठोबा, हनुमान, बगड, चोर, मसन अशा पाच खिडक्या. नगराला देवाची खिडकी हवी तशी स्मशानाचीही हवी, हे त्या रचनाकारांनी जाणले होते. याखेरीज बल्लारपूरचा किल्ला आहे, जिवतीकडचा माणिकगड आहे, गडचिरोलीत वैरागड आणि टिपागड आहेत. २०१७ साली ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी हाती कुदळ-फावडे घेऊन परकोटावरची झाडोरी महिनोन्‌महिने साफ केली. मोठ्यांनी खरा तट झाडावा आणि लहानांनी मातीचा उभारावा, असे झाले तर दोन्ही तट टिकतील.

सेनेचेही तसेच. अकबराच्या काळी लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे आणि या मुलखाच्या गोंड अधिपतीच्या सैन्याची गणनाही आहे: घोडदळ १००० आणि पायदळ ४०,०००. या दोन आकड्यांत सारा भूगोल साठलेला आहे. देशावरच्या मराठी फौजेचे बळ घोड्याच्या टापेत; आपल्या अरण्यात, बांबूच्या बेटांतून आणि नाल्या-ओढ्यांतून, पायी चालणाराच राजा. एक पुतळा म्हणजे हजार सैनिक असे प्रमाण धरले तर वैरागडच्या अंगणसेनेत एक घोडेस्वार आणि चाळीस पायदळ उभे करावे लागतील. बाजारात विकत मिळणारी सेना या हिशेबात बसत नाही. ती घरीच घडवावी लागते. आणि घडवता घडवता, ‘आमच्याकडे घोडे इतके थोडे का?’ असा प्रश्न मुलाने विचारला की इतिहासाचा धडा आपोआप सुरू होतो.

घडवण्याची कृती अवघड नाही. कोजागरीला माती भिजत घातली तर वसुबारसेपर्यंत सेना उभी राहते. कुंभाराकडची चिकणमाती आणावी, खडे वेचावे, तीत चाळलेला धानाचा कोंडा किंवा कापसाचे तंतू मळावे, म्हणजे वाळताना तडे कमी जातात. पुतळा चार सेंटिमीटरांचा पुरे. भाल्याला बांबूची कामटी. ती आपल्या जिल्ह्यांत मागाल तेथे मिळते. पुतळे सावलीत वाळवावे; उन्हात ठेवले की बाहेरचा थर आधी आकसतो आणि पुतळा चिरफळतो. रंगांसाठी गेरू, चुना, हळद आणि काजळी डिंकाच्या पाण्यात कालवावी. किल्ल्याच्या पोटात विटा, दगड आणि भिजवलेले गोणपाट घालून वर शेणमातीचा लेप द्यावा.

प्रमाणाचा विचारही मुलांनाच करू द्यावा. पुतळा चार सेंटिमीटरांचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे एकेचाळिसाव्या हिश्शाचा. त्याच मापाने साऱ्या परकोटाची प्रतिकृती करू गेल्यास ती अडीचशे मीटरांहून लांब होईल. पण वीस फुटी तटाची उंची जेमतेम पंधरा सेंटिमीटर भरेल. तेव्हा सारे नगर करण्याचा हट्ट सोडून एकटा जटपुरा दरवाजा करावा. थोडे करावे पण मापात करावे, हा संस्कारही लहान नव्हे. आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीला ही युक्ती चांगली ठाऊक आहे. मंडईच्या रात्री चार नट आणि दोन तलवारी एवढ्या सामग्रीवर अख्खी रणभूमी उभी राहते, आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाही.

आता लढाईविषयी. परकोटाचे खरे युद्ध मांडावयाचे तर मे १८१८ चे मांडावे लागेल. पेशवाई मावळत होती, नागपूरकर भोसल्यांचे राज्य डळमळले होते. कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने चांद्याला वेढा दिला, तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि आत शिरकाव केला. किल्लेदार गंगासिंग कामी आला. हा प्रसंग मांडताना पहिली अडचण अशी की अ‍ॅडम्स व्हावयास कोणीही पोर तयार नसते. परंतु कोणीतरी व्हावेच लागते, आणि जे होते त्याला शत्रूच्या जागी उभे राहून किल्ल्याकडे पाहावे लागते. तट कोठे दुबळा आहे हे प्रथम त्यालाच दिसते. दुसरी अडचण त्याहून खोल आहे. इंग्रजांच्या त्या फौजेचे शिपाई रंगवायला घेतले की गोरे चेहरे थोडेच लागतात. बहुतेक चेहरे आपल्यासारखेच सावळे रंगवावे लागतात, कारण कंपनीच्या पलटणींत बहुसंख्य शिपाई याच देशातले होते. ‘म्हणजे आपलेच लोक आपल्याशी लढले?’ असे मूल कुंचला हातात धरून विचारते. या प्रश्नापुढे दहा पाठ्यपुस्तके फिकी आहेत. घाईने उत्तर देऊ नये. प्रश्न मुलाच्या मनात राहू द्यावा.

या खेळात फासे लागतात, म्हणून काही घरांत नाक मुरडले जाईल. द्यूताने पांडवांचे काय झाले हे आपण जाणतोच. परंतु बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे आणि त्या दिवशी शिव-पार्वती सारीपाट खेळल्याची कथा आपणच सांगतो. दोष पणाला लावण्यात आहे. फासा बिचारा निर्जीव. लढाईत वारा फिरतो, दारू भिजते, घोडा बुजतो, हे सारे दैवाधीन. तेवढ्या दैवापुरता फासा असावा, पण एक कवडीही पणाला लावू नये.

आता दुसरा प्रश्न, जो खरा कठीण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा त्याच दशकापासून सशस्त्र संघर्षात होरपळला. पोलीस पडले, गावकरी पडले, चुकीच्या वाटेला गेलेली कोवळी पोरे पडली. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगाने १५ जवानांचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एका वरिष्ठ नक्षल नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा कित्येक घरांनी निःश्वास सोडला असेल. अशा भूमीत मुलांना लढाई खेळू द्यावी काय?

आमचे मत असे की द्यावी. पण ती मातीच्या आणि स्वतः घडवलेल्या सेनेची असावी. मूल लढाई खेळणारच. आपण हाती काही दिले नाही तर ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेळेल, जेथे मारलेला माणूस क्षणात नाहीसा होतो आणि पुढच्या क्षणी दुसरा उगवतो. मेलेल्याला ना नाव, ना वजन. स्वतःच्या हाताने चार दिवस वाळवलेला, हळदीने अंगरखा रंगवलेला मातीचा शिपाई जेव्हा पडून फुटतो, तेव्हा मुलाचा चेहरा पाहावा. एक माणूस घडायला किती वेळ लागतो आणि मोडायला किती थोडा, हे त्याच्या बोटांना कळलेले असते.

व्यासांनीही हेच केले नाही काय? अठरा अक्षौहिणींचा तो सारा हिशेब मांडल्यावर सौप्तिकपर्वात ते सांगतात की पांडवांकडचे सात आणि कौरवांकडचे तीन एवढेच वीर उरले. सात आणि तीन दहा. म्हणजे सैन्याचा जो सर्वांत लहान घटक, त्या एका पत्तीएवढी माणसे. आणि त्यापुढचे पर्व स्त्रियांच्या विलापाचे आहे. ज्याने एक एक पत्ती हाताने घडवली आहे त्यालाच हा हिशेब खऱ्या अर्थाने कळेल. म्हणून आमची एक सूचना आहे. खेळ संपला की विजय कोणाचा हे विचारण्याआधी दोन्ही बाजूंचे पडलेले शिपाई मुलांनी मोजावे, एका रांगेत ठेवावे, आणि सायंकाळी त्यांच्यापाशी एक पणती लावावी. आपला-परका असा भेद त्या पणतीला नसावा.

मोठ्यांनी त्या वेळी आणखी एक नाव मुलांच्या कानी घालावे. बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके या गोंड तरुणाने १८५८ साली याच अरण्यात इंग्रजांशी झुंज दिली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, ऐन दसरा-दिवाळीच्या दिवसांत, त्याला चंद्रपूरच्या कारागृहात फाशी देण्यात आले. वय अवघे पंचवीस. ते कारागृह गोंड राजांच्या जुन्या किल्ल्यातच आहे. मातीच्या किल्ल्यात त्या जागी एक छोटा पुतळा उभा असावा. विकत तो मिळणार नाही. तो घरच्याच मुलाने करावा. नाक थोडे वाकडे झाले तरी चालेल.

पाडव्याला गाय-गोधनाचा गजर ऐकू येईल, शेणाचा गोवर्धन ओलांडून गाई जातील, भाऊबीज होईल, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ल्यावरची मोहरी वीतभर वाढेल. मग तट ढासळू लागेल. त्याला तसाच ढासळू द्यावा. धडके पुतळे फडक्यात गुंडाळून पुढल्या वर्षासाठी ठेवावे, फुटके पाण्यात भिजवावे, आणि ती माती तुळशीच्या वृंदावनात किंवा धानाच्या बांधीत घालावी. आजीने विचारलेच, की दिव्यांच्या सणात हे सैन्य कशाला, तर मुलाला म्हणू द्यावे: ‘आजी, गवळणीच्या राखणीला.’